बाहेर कोण येणार

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कीओच्या बायकोचा, कर्स्टीचा फोन आला आणि ती म्हणाली, "नेव्ह, ह्याला सांग, आता पुरे म्हणून. माझं ऐकत नाहीये. जिंकलात ना तुम्ही? मग नाटक बंद कर म्हणावं."

मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर दिवसभर मला ते हसणंच आठवत राहिलं. मी डेपोत होतो, हातात चहाचा मग, समोर त्या दिवसाच्या ट्रामचालकांचा तक्ता. तिघांनी आजारी असल्याचं कळवलं होतं आणि त्यांच्या जागी कोण, हे मला साडेसातच्या आत ठरवायचं होतं. एकतीस वर्षं मी हेच करतोय. कोण खरंच आजारी आणि कोणाला मासे पकडायला जायचंय, हे मला आवाजावरून कळतं. खोटं बोलणारा जास्त माहिती देतो, वाक्य संपलं की खोकतो, आणि शेवटी न विसरता म्हणतो की उद्या नक्की येतो. डेपोतली पोरं म्हणतात की नेव्हला फसवायचं तर आधी खरंच आजारी पडावं लागतं. मी कर्स्टीला म्हटलं, दे त्याच्याकडे फोन, मी झापतो त्याला. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, मग श्वास ऐकू आला. "कीओ," मी म्हणालो, "अभिनयाचं बक्षीस मिळालं तुला, आता बायकोला छळू नकोस." तो जरा वेळाने म्हणाला, "नेव्ह, माझं ते राहिलंय गाडीत. ते... पांढरं. भिंतीला लावतात ते." डॅमियन कीओ सतरा वर्षं भिंतींना प्लास्टर करतोय. तो शब्द त्याला सापडत नव्हता, आणि सापडत नाही याची त्याला लाजही वाटत नव्हती, घाईही नव्हती. खोटं बोलणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत, त्याने ते आधीच शोधून ठेवलेले असतात. कर्स्टी परत फोनवर आली तेव्हा मी तिला म्हणालो की ॲम्ब्युलन्स बोलाव. ती म्हणाली, कशाला, नाटक आहे ना ते? मी म्हणालो, "कर्स्टी, फोन ठेव आणि ॲम्ब्युलन्स बोलाव." मग मी तक्ता तसाच टाकून निघालो. त्या दिवशी तीन ट्राम चालकांवाचून उशिरा सुटल्या असणार, मला माहीत नाही, मी कुणाला विचारलं नाही.

हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ट्राममध्ये मी खिडकीशी बसलो. बाहेर सगळं रोजचंच होतं, बेकरीसमोर खिम्याची पेस्ट्री घ्यायला उभे असलेले बांधकामवाले, शाळेचे गणवेश, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर घातलेला एक म्हातारा. मफलर आमच्या क्लबचा होता. त्याने मला ओळखलं आणि लांबून अंगठा वर केला. शनिवारपासून लोक मला अंगठे दाखवत होते. आमचा केल्सो क्लब, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, एकोणीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला होता आणि लोकांच्या मते तो माझ्या डोक्यामुळे पोचला होता. बदली खेळाडू निवडावा तर नेव्हने, असं अध्यक्षांनी शनिवारी संध्याकाळी बारमध्ये खुर्चीवर चढून सांगितलं होतं. आणि मी, एकसष्ट वर्षांचा बाप्या, पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखा लाल झालो होतो. त्या म्हाताऱ्याला मीही अंगठा दाखवला. दाखवायला नको होता, पण हात वर गेला.

निवड गुरुवारी झाली होती. बारच्या मागच्या खोलीत पत्र्याचा फळा आहे, त्यावर प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पट्टी. अठरा पट्ट्या मैदानात, चार बाकावर, ते चौघं हवे तितक्या वेळा आत-बाहेर करतात. तेविसावी पट्टी बदलीची. तो अंगात हिरवं जॅकेट घालून बसतो आणि सामनाभर कोणाचं तरी काहीतरी मोडण्याची वाट पाहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या लीगने नियम केला की कोणी खरंच जखमी झालं तरच बदली आत जाईल, ट्रेनरने कागदावर तसं लिहून सही करायची, आणि जो बाहेर गेला त्याने पुढे बारा दिवस खेळायचं नाही. त्यामुळे बहुतेक क्लब बदली म्हणून कोणीतरी सर्वगुणी माणूस घेतात, मागेही चालेल, पुढेही चालेल असा, म्हणजे विम्याचा हप्ता भरतात. आमच्या कोचला, पास्कोला, फार्लीच हवा होता. फार्ली उंच आहे, कुठेही उभा करा, खांबासारखा उभा राहतो. मी म्हणालो, खांबच असतो तो, शेवटच्या क्वार्टरला पळायला खांब काय कामाचा. समोरच्या संघातली तिघं बुटकी पोरं शेवटच्या क्वार्टरला सुटतात तेव्हा आमच्या बचावाची जीभ बाहेर आलेली असते. मला रेनो ग्रेक हवा होता. वीस वर्षांचा, माल्टा बेटावरच्या घरातला पोरगा, हाडांत वारा भरलेला. पूर्ण सामना खेळवला तर दुसऱ्या क्वार्टरला चुका करायला लागतो, पण वीस मिनिटं दिली तर कुणाच्या हाती लागत नाही. पास्को म्हणाला, आणि कोणी जखमीच झालं नाही तर ग्रेक बाकावर बसून संत्री खाणार का? तेव्हा मी ते वाक्य बोललो, ज्याचा मला दोन दिवस अभिमान वाटत होता. मी म्हणालो, "आत कोण जाणार ते सगळेच निवडतात रे. बाहेर कोण येणार ते निवडायला शिक."

फळ्यावरची कीओची पट्टी मी बोटाने ठोकली. कीओ चौतीस वर्षांचा. तीन क्वार्टर त्याच्यासारखा बचाव करणारा आमच्याकडे दुसरा नाही, चौथ्यात त्याचे पाय शिशाचे होतात. पास्को त्याला संघातूनच काढायला निघाला होता. मी म्हणालो, काढू नकोस, पाऊण वापर. हा सामना जिंकला की थेट अंतिम, मधला आठवडा सुट्टीचा. शनिवार ते पुढचा-पुढचा शनिवार चौदा दिवस. बारा दिवसांची शिक्षा सुट्टीतच संपते. कीओ अंतिम सामनाही खेळेल, कोणाचं काही जात नाही. पास्को म्हणाला की हे मी ऐकलेलं नाही, आणि बिअर आणायला बाहेर गेला. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

कीओला मी गाडीतळावर गाठलं. तो सोळा वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखतो. त्याचे वडील गेले त्या हिवाळ्यात तो सरावाला यायचा बंद झाला, तेव्हा मीच त्याला घरून गाडीत घालून आणायचो, आठवड्यातून दोनदा. तो मला नाही म्हणत नाही. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच पास्कोऐवजी मी गेलो. मी त्याला सांगितलं की मांडीचा स्नायू नको, गुडघा नको, ट्रेनर नोरीन बोटाने दाबून सांगेल की यात काही नाही. डोकं चांगलं. डोक्यातलं कोणाला दिसतं? ती पाच प्रश्न विचारते, दोन चुकले की झालं. शेवटच्या क्वार्टरच्या पाचव्या मिनिटाला कुठेतरी आपट आणि पडून राहा. तो हसला. म्हणाला, "शाळेत फुकट चुकायचो, आता सराव करून चुकू." मग बूट आपटून चिखल झाडता झाडता त्याने हळूच विचारलं की नाही म्हटलं तर शनिवारी संघात नाव असेल का. मी नुसती त्याच्या खांद्यावर थाप मारली.

हे सगळं ट्राममध्ये एकामागून एक डोळ्यांपुढे येत होतं आणि प्रत्येक वेळी मी शनिवारच्या त्या क्षणाशी येऊन थांबत होतो, पुढे जात नव्हतो. जाववत नव्हतं. तिसरा क्वार्टर संपायला मिनिटभर उरलं होतं. चेंडू उंच आला, कीओ मागे पळत, नजर वर ठेवून त्याच्याखाली गेला, समोरून त्यांचा एक दांडगा आला आणि त्याचं कमरेचं हाड कीओच्या कानामागे बसलं. बाकावर आम्हाला आवाज आला. कीओ पालथा पडला आणि दहा-बारा सेकंद हलला नाही. मी काय केलं, तर मी घड्याळात पाहिलं. ठरलं होतं त्यापेक्षा सहा मिनिटं लवकर आहे, एवढंच माझ्या मनात आलं. मग मनात आलं, पोरगा हुशार निघाला, आयती संधी साधली, मी ठरवून दिलं होतं त्यापेक्षा कितीतरी बेमालूम. आवाज मी ऐकला होता. ऐकूनही मी असं म्हणालो. स्वतःच्या डोक्यावर इतका विश्वास होता माझा.

नोरीन आमची ट्रेनर. चाळीस वर्षं नर्स होती, निवृत्तीनंतर शनिवारी आमच्या पोरांना पट्ट्या बांधते आणि शिव्या दिल्या तर कान पिळते. कटाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने आम्हा सगळ्यांना लीगपुढे उभं केलं असतं. तिने कीओला माझ्या शेजारी बसवलं आणि पाच प्रश्न सुरू केले. आपण कोणत्या मैदानावर आहोत? तो म्हणाला, हटन्स लेन. हटन्स लेनचं मैदान विकून तिथे घरं उभी राहिली त्याला बारा वर्षं झाली. पोरवयात तो तिथे खेळायचा. उत्तर इतकं झकास होतं की मला हसू आवरेना, मी तोंडावर टोपी धरली. सामन्याचा कितवा भाग चाललाय? तो नोरीनच्या तोंडाकडे बघत राहिला, उत्तर तिथेच उगवणार असल्यासारखा. शेवटचा गोल कोणी मारला? "बाबांनी," तो म्हणाला. नोरीनचा चेहरा उतरला. त्याच्या बाबांच्या अंत्ययात्रेला ती होती, मी होतो. मला वाटलं, हे अति होतंय, हिला संशय येईल. मी वाकून त्याच्या कानात म्हणालो, जास्त करू नकोस.

त्याने मान हलवली. अगदी आज्ञाधारकपणे हलवली, मी त्याला कशाबद्दल बोललो हे कळल्यासारखी. ती मान मला आता कोणाला तरी देऊन टाकायची आहे, पण कोण घेणार?

नोरीनने सही केली, ग्रेकने हिरवं जॅकेट काढलं आणि चौथ्या क्वार्टरला तो आत गेला. त्यानंतर मैदानात काय झालं ते सगळ्या उपनगराला पाठ आहे. पण नोरीन माझ्याकडे आली होती, ते कोणालाच माहीत नाही. माझी नजर ग्रेकवर होती. ती म्हणाली, "नेव्ह, त्याचे डोळे माझ्या बोटामागून येत नाहीयेत. मी ॲम्ब्युलन्स बोलावते." मी म्हणालो, काही नको, ठीक आहे तो. ती म्हणाली, तुला कसं ठाऊक? मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "मला ठाऊक आहे म्हणून सांगतोय, नोरीन. बसू दे त्याला." ती घुटमळली. मी क्लबमध्ये तिच्याआधी वीस वर्षं आहे, आणि आजवर तिला माझा शब्द कधी खोटा पडलेला माहीत नव्हता. ती कीओच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकून परत गेली. ग्रेकने शेवटच्या सायरनच्या आधी चाळीस मीटरवरून खांबांच्या मधोमध सहा गुणांचा गोल मारला, आम्ही चार गुणांनी जिंकलो, पास्कोने मला कमरेतून उचललं. संध्याकाळी बारमध्ये कीओ भिंतीला टेकून बसला होता, हातातल्या बिअरला त्याने तोंड लावलं नव्हतं. मी लांबून त्याला डोळा मारला. तो माझ्याकडे बघत होता, पण डोळा मारल्याचं त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मला वाटलं, अजून भूमिकेत आहे. घरी जाताना तो दारात ओकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर मला नोरीन आधी दिसली. कर्स्टीने तिला कळवलं होतं. कोट उलटा घातला होता तिने, आतलं अस्तर बाहेर, आणि ते तिच्या गावीही नव्हतं. कीओला आत नेलं होतं. कवटीच्या आत रक्त शनिवारपासून थेंब थेंब साचत आलं होतं, ते काढायचं चाललं होतं. नोरीन म्हणाली, चूक माझी. डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं होतं, पाचही उत्तरं चुकली, डोळे फिरत नव्हते, हे सगळं दिसत असून मी त्याला घरी जाऊ दिलं. माझं नाव तिने घेतलं नव्हतं. ती वाचवत होती मला, की माझा शब्द तिला आठवतच नव्हता, ते मला कळेना. ती म्हणाली, "चाळीस वर्षं केलं हे मी, नेव्ह. आणि एका माणसाच्या सांगण्यावरून..." म्हणजे आठवत होतं. मला तोंड उघडायचं होतं. मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, नाक पुसायचं होतं म्हणून.

दीड वाजता मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो आणि क्लबची सेक्रेटरी जॉयस हिला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. फळ्यापासून सुरुवात केली, गाडीतळ सांगितला, "जास्त करू नकोस" सांगितलं, नोरीनला मी कसं परतवलं तेही सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग जॉयस म्हणाली, "मी हे लिहून घेतेय, नेव्ह. लीगला आजच कळवावं लागेल. आणि नोरीनबद्दल आत्तापासूनच नाही नाही ते बोलतायत लोक, म्हणजे क्लबच्या घरांनाही कळवायला हवं. पाठवू?" मी म्हणालो, पाठव, सगळ्यांना पाठव. फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला बाहेर काढलं, असलं काहीतरी मनात आलं, आणि पाठोपाठ कडकडून भूक लागली. मी खाली जाऊन खिम्याची पेस्ट्री घेतली, सॉस घालून उभ्या उभ्या खाल्ली, बोटं चाटली. माणूस किती निर्लज्ज असतो ते मला माझ्याच बोटांवरून कळलं.

वर आलो तेव्हा ऑपरेशन संपलं होतं. नोरीनला तिची बहीण घरी घेऊन गेली होती. कीओ काचेपलीकडच्या खोलीत होता, डोक्याला पांढरी पट्टी, तोंडात नळी. जगेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बोलेल का, घरच्यांना ओळखेल का, ते आठवड्याने बघायचं. शनिवारी आणलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, असंही म्हणाले होते. कर्स्टी खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. ती भडकेल, मारेल, अशी मी तयारी करून गेलो होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो की कर्स्टी, शनिवारी नोरीन ॲम्ब्युलन्स बोलावणार होती, मी नको म्हणालो. तिला ते ऐकू आलं, पण तिच्या मनात आधीच दुसरं काहीतरी इतकं भरलेलं होतं की माझ्या कबुलीला तिथे जागाच नव्हती.

"शुक्रवारी जेवताना मुलींनी त्याचा सराव घेतला," ती म्हणाली. "टिलीने वहीत प्रश्न लिहिले होते. तो मुद्दाम वेडंवाकडं सांगायचा आणि दोघी खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसायच्या." ती सावकाश सांगत होती. रविवारी सकाळी त्याने सीरियलवर दुधाऐवजी चहा ओतला. मुली हसल्या. ऑर्लाला त्याने कुत्र्याच्या नावाने हाक मारली, मुली परत हसल्या, टिली धावत जाऊन वही घेऊन आली आणि तिने त्याला पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारले. तो एकेकाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करत होता. कर्स्टी म्हणाली, मीही हसले, नेव्ह. दुपारी तो सोफ्यावर झोपला तर दोघींनी त्याला गुदगुल्या करून उठवलं आणि पुन्हा विचारलं. दिवसभर चाललं होतं. बाबा इतका छान कधीच खेळला नव्हता आमच्याशी, असं टिली झोपताना म्हणाली. टिली नऊ वर्षांची आहे, ऑर्ला सहाची.

कर्स्टीने दोन्ही हातांनी माझी बाही धरली. "लीगला काय सांगायचं ते सांग. मला फाशी दे, स्वतःला दे, मला त्याचं काही नाही. पण मुलींना कळता कामा नये की रविवारी तो नाटक करत नव्हता. त्यांना मी सांगितलंय की आज सकाळी न्हाणीत पडला बाबा. न्हाणीत पडला, एवढंच. तू क्लबला सांभाळ. तुझं ऐकतात सगळे."

माझ्या खिशातला फोन तासाभरात कितीदा तरी थरथरला होता. मी तो काढून पाहिला नव्हता. पाहायची गरज नव्हती, जॉयस काम वेळेवर करते. टिली आणि ऑर्लाच्या शाळेत निम्मी मुलं केल्सो क्लबच्या घरची. त्यांच्या आया सव्वातीनला फाटकाशी उभ्या राहतात आणि सगळ्यांच्या हातात फोन असतो. मोठ्या वर्गातल्या मुलांच्या दप्तरातही असतो. मी कर्स्टीला म्हणालो, मी सांगून टाकलंय. तिला समजलं नाही. मी परत म्हणालो, दीड वाजता, जॉयसला, सगळं, आणि तिने ते सगळ्या घरांना पाठवलंय. कर्स्टीने माझी बाही सोडली. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, दोन पन्नास झाले होते, पायात चपला सरकवल्या, किल्ल्या घेतल्या. दारातून काचेपलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू बस इथे. त्याला एकटा सोडू नकोस."

मी आत जाऊन बसलो. नर्सने विचारलं, आपण घरचे का? मी म्हणालो की नाही, पण त्याची बायको येईपर्यंत मला बसायला सांगितलंय. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढून दिली. कीओचा हात गरम होता. नखांत पांढरं प्लास्टर होतं, शुक्रवारचं असणार. मनात सारखा हिशोब चालू होता, कर्स्टी आता पुलापाशी असेल, आता सिग्नलला, शाळेपर्यंत पंचवीस मिनिटांचा रस्ता, पोचेल, आधी पोचेल, दोघींना गाडीत बसवेल, काचा वर करेल. घंटा व्हायच्या आधी पोचायलाच हवी. आयुष्यात मी एवढ्या सामन्यांची घड्याळं पाहिली, पण काटा थांबावा असं मला त्या अर्ध्या तासात वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. तीन दहा. तीन पंधरा. तीन वीस झाले आणि फोन आला नाही तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, खरं सांगतो, मी पाठ टेकवून बसलो.

तीन तेवीसला फोन वाजला. कर्स्टी म्हणाली, "त्यांना कळलं होतं मी पोचायच्या आत." मागे गाडीत कोणीतरी रडत होतं, लहान मुलं रडताना श्वास अडकतो तसं. मग ती म्हणाली की टिलीला बोलायचंय, तुझ्याशी नाही, त्याच्याशी, फोन त्याच्या कानाला लाव. मी म्हणालो, कर्स्टी, तो शुद्धीत नाहीये. ती म्हणाली, माहीत आहे मला, लाव.

पट्टीमुळे एकच कान मोकळा होता. मी वाकून त्याला फोन लावला. मला ऐकायचं नव्हतं, पण खोलीत यंत्राच्या टिकटिकीशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि टिली मोठ्याने बोलत होती, झोपलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतात तशी.

"बाबा," ती म्हणत होती, "आम्हाला वाटलं तू मुद्दाम चुकतोयस."